आधी टायर, मग रिम, आणि लिफ्ट सगळ्यात शेवटी

महिंद्राची थार किंवा मारुतीची जिम्नी दारात आली की वर्षभराच्या आत बहुतेकांच्या डोक्यात एकच बेत शिजायला लागतो. आधी उंच स्प्रिंग टाकून गाडी दोन इंच उचलायची, म्हणजे लिफ्ट करायची, मग चाकाच्या कमानीत पोकळी दिसायला लागली की मोठे टायर शोधायचे, आणि शेवटी त्या टायरांना शोभतील अशी काळी मॅगव्हील, म्हणजे अलॉय रिम बसवायची. हा क्रम बरोबर उलटा आहे. गाडी कुठे चालवायची आहे त्यावरून टायर ठरतो, टायरवरून रिम ठरते, आणि ते चाक पूर्ण वळवून, पूर्ण दाबून कुठे घासतंय हे कळल्यावर लिफ्ट किती लागेल ते ठरतं. पुष्कळदा ती लागतही नाही.

याचं कारण गाडीखाली वाकून बघितलं की दिसतं. थारच्या मागच्या दोन चाकांना जोडणारा एक सलग आडवा एक्सेल आहे आणि त्याच्यावर डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद दोन्ही चाकांत वाटणाऱ्या गिअरचा गोळा. बॉडी आणि चॅसिस (गाडीचा सांगाडा) स्प्रिंगच्या वर, एक्सेल स्प्रिंगच्या खाली. उंच स्प्रिंग टाकली की वरचं सगळं वर जातं, पण गोळा होता तिथेच राहतो. वाटेतला धोंडा आधी जिथे लागत होता तिथेच लागणार. तो गोळा जमिनीपासून वर घ्यायचा तर टायरची त्रिज्या वाढवण्याशिवाय इलाज नाही. थारच्या पुढच्या बाजूचं गणित जरा वेगळं आहे. तिथे इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होणारं, असल्यामुळे डिफरन्शियल चॅसिसला बांधलेलं आहे, आणि लिफ्ट केली की तेही वर जातं. जिम्नीत पुढे-मागे दोन्हीकडे सलग एक्सेल, म्हणजे कितीही लिफ्ट केली तरी दोन्ही गोळे जागच्या जागी.

मग लिफ्टचा उपयोग काय? बंपर चढावाला टेकत नाही, उंचवट्यावर गाडीचं पोट अडकत नाही, आणि टायरला जागा मिळते. यातला तिसरा फायदा मात्र अर्धाच खरा आहे. गाडी उभी असताना कमानीत चार बोटं जागा वाढलेली दिसते, पण खड्ड्यात एक चाक पूर्ण वर दाबलं गेलं की ते कुठपर्यंत जाणार हे ठरवतो बंप स्टॉप, म्हणजे एक्सेल आणि चॅसिसमधला तो रबरी गट्टू. स्प्रिंग बदलली आणि गट्टू तोच ठेवला, तर दाबलेल्या अवस्थेत टायर आधी जिथे पोचत होता तिथेच पोचणार. म्हणून दोन इंच लिफ्ट करूनही वळणावरच्या खड्ड्यात ‘खर्र’ आवाज येतो आणि मालक टायरवाल्याला शिव्या देतो.

टायरवरचे आकडे

थारच्या वरच्या व्हेरिएंटला २५५/६५ आर १८ हा टायर येतो. २५५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, साधारण १६६ मिमी. १८ हा रिमचा व्यास इंचात. एक इंच २५.४ मिमी, म्हणून रिम ४५७ मिमी. त्यात वरची आणि खालची भिंत मिळवली की चाकाची पूर्ण उंची जवळजवळ ७८९ मिमी, म्हणजे ३१ इंच.

हा हिशेब एकदा हाताने करून बघावा, म्हणजे रिमच्या आकड्याची भुरळ पडत नाही. पाच दरवाजांच्या थार रॉक्सला काही व्हेरिएंटमध्ये २५५/६० आर १९ टायर आहे. रिम एक इंचाने मोठी. पण चाकाची उंची काढली तर तीही ७८९ मिमीच भरते, कारण वाढलेली रिम भिंतीतून कापून घेतली आहे. भिंत उरली १५३ मिमी. उलट थारच्या खालच्या व्हेरिएंटला लोखंडी रिमवर २४५/७५ आर १६ मिळतो. त्याची उंची ७७४ मिमी आहे, जेमतेम दीड सेंटिमीटर कमी, पण भिंत १८४ मिमी. दगडाधोंड्यात, हवा कमी करून चालवायचं असेल तर मी डोळे झाकून हा सोळा इंची टायर घेईन. १९ इंची रिम दिसते झकास, पण धारदार दगड रिमपासून एक वीतभरही दूर नाही हे ती चालवणाऱ्याला माहीत असलेलं बरं.

हवा कमी करण्याचा मुद्दा इथे महत्त्वाचा. रस्त्यावर तीस पीएसआयच्या आसपास असलेली हवा चिखलात, वाळूत किंवा दगडात १८–२० वर आणली की टायर खाली पसरतो आणि जमिनीला टेकलेला पट्टा मुख्यतः लांबीने वाढतो. टायर दगडाभोवती आपला आकार बदलतो. दोन इंच लिफ्टने जी पकड मिळत नाही ती या फुकटच्या उपायाने मिळते. अट एकच, पसरायला भिंत हवी. साध्या रिमवर १५ च्या खाली गेलं तर वळताना टायरची कड रिमवरून सुटू शकते, म्हणून तिथे थांबावं. आणि परत डांबरी रस्त्याला लागण्याआधी हवा भरायला गाडीत कॉम्प्रेसर हवा. हा कॉम्प्रेसर मॅगव्हीलच्या आधी घ्यावा.

मोठ्या टायरची किंमत कोण मोजतं

थारवाल्यांचा आवडता मोठा टायर म्हणजे २८५/७० आर १७, ज्याला सगळे ‘तेहतीस’ म्हणतात. त्याची उंची ८३१ मिमी. मूळ चाकापेक्षा ४२ मिमी जास्त, म्हणजे एक्सेलखाली जागा वाढते त्याच्या निम्मी, २१ मिमी. एवढ्या खर्चात दोन सेंटिमीटर! खडकाळ वाटेवर दोन सेंटिमीटर पुष्कळ असतात, पण ते फुकट मिळत नाहीत.

चाकाचा परीघ पाच टक्क्यांहून थोडा जास्त वाढला. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने सगळे गिअर तेवढ्याने उंच झाले. डिझेल थारमध्ये ३०० न्यूटन-मीटर टॉर्क आहे, ती हे गिळून टाकते. जिम्नीचं दीड लिटरचं पेट्रोल इंजिन १३४ न्यूटन-मीटरचं, आणि तेवढेही कमी आरपीएमला मिळत नाहीत. तिचा मूळ टायर १९५/८० आर १५, उंची ६९३ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकला की उंची ७३४, म्हणजे सहा टक्क्यांच्या आसपास वाढ. वरंधा किंवा आंबेनळी घाटात जिथे तिसऱ्यात आरामात जात होतात तिथे आता दुसरा टाकावा लागेल. लो-रेंजमध्येही, म्हणजे फोर-व्हीलच्या हळू पण जोरदार गिअरमध्येही, गाडी तेवढ्याने जास्त जोरात पळेल, आणि तीव्र उतारावर इंजिन ब्रेकिंग कमी जाणवेल.

ब्रेकचंही तसंच. ब्रेक डिस्कला जेवढा जोर लावतो तेवढाच लावणार, पण टायरची त्रिज्या वाढल्यामुळे जमिनीपर्यंत तो पाच टक्के कमी पोचतो. त्यात मोठा टायर जड, आणि त्याचं जास्तीचं वजन नेमकं बाहेरच्या कडेला, जिथे ते फिरवायला आणि थांबवायला सगळ्यात अवघड. घाट उतरताना हे पायाला कळतं.

स्पीडोमीटर १०० दाखवत असेल तेव्हा चाक हिशेबाने १०५ ला पळत असतं. कंपन्या मुळातच काटा थोडा पुढे ठेवतात, त्यामुळे प्रत्यक्षात तो आता खऱ्या वेगाच्या जवळ येतो. फसवणूक होते ती किलोमीटरची. शंभर किलोमीटर गेलात तरी मीटरवर पंच्याण्णव पडतात. टायर बदलल्यावर ॲव्हरेज पडलं म्हणून जी बोंब होते त्यातला बराच भाग या मीटरचा असतो, उरलेला वजनाचा आणि मडच्या खडबडीत रबराचा.

शिवाय टायर चार नव्हे, पाच घ्यायचे. स्टेपनी जुन्या मापाची ठेवून फोर-व्हील गुंतवली तर पुढचा आणि मागचा एक्सेल वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात आणि सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सवर येतो. पाचवं चाक मागच्या दारावर लटकतं. रिमसकट त्याचं वजन चाळीस किलोच्या घरात गेलं की दाराच्या बिजागऱ्या कुरकुरायला लागतात, त्यामुळे तिथे टेकू देणारा ब्रॅकेट आधी बघून ठेवावा.

कुठली नक्षी, कुठल्या मातीला

टायरचे ढोबळ तीन प्रकार: रस्त्याचा एचटी, मधला एटी आणि चिखलाचा एमटी. दुकानात एमटी सगळ्यात मर्दानी दिसतो, आणि आपल्याकडे बहुतेकांना तो लागत नाही.

विदर्भ-मराठवाड्याची काळी माती ओली झाली की पावसाळ्यात शेतातून चालताना चपलेला जशी बोटभर जाड चिकटते, तशी टायरला चिकटते. एटीच्या बारीक खाचा पहिल्या वीस मीटरमध्ये बुजतात आणि टायर गोटा झाल्यासारखा होतो. तिथे एमटीच्या रुंद खाचा खरंच उपयोगी पडतात, कारण चाक जोरात फिरवलं की माती भिरकावली जाऊन खाच पुन्हा मोकळी होते. पण सह्याद्रीत आपण बऱ्याचदा कशावर असतो? ओल्या बेसाल्टवर, शेवाळलेल्या कातळावर, किंवा कोकणातल्या जांभ्याच्या लाल वाटेवर. ओल्या गुळगुळीत दगडावर एमटीचे मोठे टणक ठोकळे घसरतात. तिथे एटीच्या ठोकळ्यांवर ब्लेडने मारल्यासारख्या ज्या बारीक चिरा असतात त्या पाणी बाजूला सारतात आणि रबर वाकून दगड पकडतं. आणि वाटेपर्यंत पोचायला पावसातला शंभर-दोनशे किलोमीटरचा डांबरी रस्ता असतोच. त्यावर एमटीचा घूंऽऽ आवाज सुरुवातीला भारी वाटतो, लोणावळा येईपर्यंत.

रुंदीबद्दलही गैरसमज आहेत. वाळूत रुंद टायर तरंगतो, बरोबर. पण वरचा चिखल पातळ आणि खाली कडक जमीन असेल तर अरुंद टायर चिखल कापून तळाला टेकतो आणि पकडतो. महायुद्धातल्या विलिस जीपला ६.००–१६ चे सायकलसारखे अरुंद टायर होते, आणि ती कुठे कुठे गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. (वाळूचा विषय निघालाच आहे तर सांगतो: कोकणातल्या किनाऱ्यांवर गाडी घालू नका. भरतीत अडकलेल्या गाड्यांचे आणि त्यांच्या मालकांवरच्या गुन्ह्यांचे फोटो दरवर्षी छापून येतात.)

भिंतीवर मापाच्या पुढे आणखी एक आकडा आणि अक्षर असतं. ११२ म्हणजे पूर्ण हवेवर तो एक टायर १,१२० किलो पेलतो, एस म्हणजे ताशी १८० किमीपर्यंत चालतो. मूळ टायरपेक्षा भाराचा आकडा खाली जाऊ देऊ नये. मापाआधी एलटी असेल तर तो जड बांधणीचा टायर आहे. त्याची भिंत लवकर फाटत नाही, पण तेवढाच भार पेलायला त्याला हवा जास्त लागते. दारावरच्या स्टिकरवरची हवा त्याला चालत नाही. योग्य हवा शोधायची जुनी युक्ती अशी: टायरवर खडूने आडवी जाड रेघ मारा, सरळ डांबरी रस्त्यावर थोडं पुढे जा आणि उतरून बघा. रेघ मध्येच पुसली गेली तर हवा जास्त, दोन्ही कडांना पुसली तर कमी, सारखी पुसली तर बरोबर.

रिम

इथे चार गोष्टी जुळाव्या लागतात, आणि रंग त्यात नाही.

पहिली, नटांचं वर्तुळ म्हणजे पीसीडी. तीन दरवाजांच्या नव्या थारला सहा नट १३९.७ मिमीच्या वर्तुळावर, जिम्नीला पाच नट त्याच वर्तुळावर. ‘थोडं फरकाने बसतं’ असं इथे काही नसतं. दुसरी, मधलं भोक. ते हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक चढतं त्यावर, घट्ट बसलं तर चाक केंद्रात राहतं. मोठं असेल तर मधे रिंग लागते, नाहीतर कितीही बॅलन्सिंग केलं तरी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. नटाचं टोकही रिमच्या खाचेशी जुळायला हवं. निमुळत्या खाचेत गोल नट बसवला तर तो आवळलेला वाटतो, पण धरत नाही.

तिसरी, रिमची रुंदी. जिम्नीची मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे. २३५/७५ आर १५ टायरला कमीत कमी सहा इंच लागते. तरी तो मूळ रिमवर चढवून देणारे भेटतात. चढतो, पण कडा आत ओढल्या जातात, टायर मधे फुगतो आणि मधेच झिजतो. मूळ रिम ठेवायची असेल तर २१५/७५ वर थांबावं. उंची फक्त एका सेंटिमीटरने वाढते, पण स्टिअरिंगही जागेवर राहतं.

चौथी गोष्ट सगळ्यात कमी समजलेली आणि सगळ्यात जास्त त्रास देणारी: ऑफसेट. रिमच्या मागे ‘ईटी ३०’ असं कोरलेलं असतं. रिमच्या रुंदीची मध्यरेषा आणि हबला टेकणारा तिचा पृष्ठभाग यांच्यातलं हे अंतर. आकडा जितका मोठा तितकं चाक कमानीच्या आत बसतं. शून्याकडे आणि उणेकडे गेलात की चाक बाहेर येतं. सात इंची ईटी ३० रिमच्या जागी आठ इंची ईटी ० टाकली समजा. रिम एक इंच रुंद झाली, म्हणजे दोन्हीकडे १२.७ मिमी. त्यात ३० मिमी बाहेर सरकली. बाहेरची कड ४३ मिमी पुढे आली, आतली कड १७ मिमी बाहेर गेली. आत चॅसिसपाशी आणि सस्पेन्शनच्या वरच्या आर्मपाशी जागा झाली, हे खरं. पण आता स्टिअरिंग वळवलं की टायर मोठ्या कमानीत फिरतो आणि बंपरच्या कोपऱ्याला, मागच्या मडफ्लॅपला लागतो. हबच्या बेअरिंगवर तरफेचा ताण वाढतो. एका चाकाला दगड लागला की स्टिअरिंग हाताला हिसका देतं. दारं चिखलाने रंगतात ते वेगळं. रुंद टायर मूळ ऑफसेटवर ठेवला तर तो आत घासतो, हेही आहेच. म्हणून मूळ आकड्यापासून थोडंच सरकावं, आतली घासणी टळेल एवढंच.

हेच काम स्पेसरने स्वस्तात होतं म्हणून अनेक जण स्पेसर टाकतात. मी टाकणार नाही. रिम आणि हब यांच्यामध्ये आणखी एक तुकडा आणि आणखी एक संच नटांचा, आणि तो संच चाक न काढता तपासता येत नाही.

लोखंडी रिम की अलॉय? दगडावर आपटून लोखंडी रिम वाकते, आणि गावातला पंक्चरवाला हातोड्याने ती हवा धरण्याइतपत सरळ करून देतो. ओतीव अलॉय हलकी असते, दिसतेही चांगली, पण तडा गेला की तिथेच संपली. दूरच्या वाटांना जाणाऱ्याने लोखंडी घ्यावी. आणि १८ वरून १६ वर उतरताना रिम ब्रेक कॅलिपरवरून निघते का, हे विकत घेण्याआधी एक चाक चढवून, हाताने फिरवून बघावं.

आता लिफ्ट

नवीन चाकं बसली. आता एक पुढचं चाक उंच रॅम्पवर आणि तिरक्या बाजूचं मागचं चाक दुसऱ्या रॅम्पवर चढवा, म्हणजे ती दोन पूर्ण दाबली जातील. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. टॉर्च घेऊन आत बघा. जिथे टायर लागतो तिथे प्लास्टिकच्या लायनरवर चकचकीत पट्टा उमटतो. कधी लायनरचा एक क्लिप सरकवून, कधी बंपरची आतली कड बोटभर कापून काम भागतं. वळतानाच घासत असेल तर लिफ्टने फारसं काही होत नाही, ऑफसेट बघावा लागतो. दाबल्यावर वर घासत असेल तर उंच बंप स्टॉप आणि त्याला साजेशी स्प्रिंग, एवढी लिफ्ट घ्यावी.

जिम्नीला दोन इंच उचललं की पुढचा एक्सेल किंचित फिरतो आणि कॅस्टर कोन कमी होतो. स्टिअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ येईनासं होतं, गाडी रस्त्यावर भरकटते. त्याला दुरुस्तीचे बुश लागतात. एक्सेलला मध्यावर धरून ठेवणारा आडवा पॅनहार्ड रॉड मूळ लांबीचाच राहिल्याने एक्सेल एका बाजूला सरकतो, तो रॉडही बदलावा लागतो. थारला पुढे चाकं फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचे कोन तीव्र होतात आणि त्यांचे रबरी बूट आधी फाटतात. शॉकअप मूळ ठेवून नुसते स्प्रिंगखाली पक, म्हणजे जाड चकत्या घालणारे गॅरेजवाले हे काही सांगत नाहीत.

कायद्याचं सरळ सांगायचं तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीत उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२ अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीची तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी चाकं आणि उंची बघते. याच कारणासाठी कंपनीने त्याच गाडीच्या दुसऱ्या व्हेरिएंटला दिलेल्या मापाकडे आधी बघावं. थारच्या बाबतीत म्हणजे पुन्हा तो २४५/७५ आर १६.

बसवताना टायरच्या भिंतीवरचा चार अंकी तारखेचा शिक्का वाचून घ्या. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. पाचही टायर जवळपासच्या तारखांचे मागा. अलाइनमेंट करून घ्या, आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा आवळा, कारण नवी अलॉय बसताना थोडी दबते. बाहेरच्या रिमबरोबर आलेल्या नटांना बऱ्याचदा वेगळा, बारीक भिंतीचा सॉकेट लागतो. तो घरच्या कपाटात न ठेवता जॅकशेजारी गाडीत ठेवा. आणि जॅकही एकदा घरासमोर लावून बघा, कारण कंपनीचा जॅक उचललेल्या गाडीचं मोठं चाक जमिनीपासून सोडवण्याइतका वर जाईलच असं नाही.